दुधाचं करपलेलं पातेलं

चिमे,

सिंकमधल्या पातेल्याला तारेची घासणी लावू नकोस, ओरखडे पडतील. सोडा घालून पाणी उकळून ठेवलंय. भिजलं की लाकडी चमच्याने खरवडेन.

दूध मीच करपवलं. चाळीस वर्षं दूध मी गॅसवर ठेवून दाढीला जायचो आणि गॅस तुझी आई बंद करायची. तिला जाऊन तीन महिने झाले, तरी आज वास आल्यावर मी बाथरूममधूनच ओरडलो, "अगं, दूध बघ." मग तोंडाला फेस तसाच ठेवून धावलो.

एवढ्यावरून मला तुझ्या घरी न्यायचा विषय पुन्हा काढू नकोस. दुसरं दूध आणायला गेलोय. आल्यावर तुझ्यासमोर तापवतो. तू नुसती बस, गॅस मी बंद करीन.

बाबा