भातावर पडलेले रक्त व कॅन्टीनमधील बायकांच्या हिरड्या

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
कारखाना कार्यालय, मुलुंड (पश्चिम), मुंबई.

विषय : कॅन्टीनमधील बायकांच्या हिरड्या तपासणेबाबत.
संदर्भ : माझ्या बदलीचा आपला दि. ३ जून १९८६ चा आदेश.

महोदय,

मी खाली सही करणार जानकी गुणाजी परब, आपल्या कॅन्टीनमध्ये नऊ वर्षे स्वयंपाकास होते. सध्या संडास-सफाईस आहे. दि. २ जून रोजी फोरमन श्री. नंदकुमार यांना भात वाढण्यास वाकले असता माझ्या तोंडातील रक्ताची लाळ त्यांच्या ताटात पडली. ते ताट सोडून उठले. त्यांचा दोष नाही.

खरे सांगावयाचे तर रक्त दोन वर्षे येत होते. उशीवर डाग पडत, हिरडी दाबली की पू येई, तोंडास कुजका वास येई. घरची माणसे मान फिरवून बोलत. मी उपाय म्हणून मशेरी वाढवली, बोटाने अधिक जोरात घासू लागले. दात दुखत नव्हता, म्हणून डॉक्टरकडे गेले नाही. त्याच तोंडाने मी आमटी चाखत होते, हे लिहिताना किळस येते.

बदलीनंतर सरकारी दंत रुग्णालयात गेले. डॉ. शुभाबाईंनी दातांच्या मुळाशी साचलेली काळी-पिवळी पुटे खरवडली. खापरीसारखे तुकडे ट्रेमध्ये पडले. त्या म्हणाल्या, "दात किडलेले नाहीत, त्यांना धरणारी हिरडी सडली आहे. पहिलं रक्त आलं तेव्हाच यायचं होतं." हलणारे दोन दात काढावे लागले. मशेरी सोडली, दोन वेळा मऊ ब्रशने दात घासते. तीन महिने रक्त नाही.

सबब मला परत स्वयंपाकावर घ्यावे, एवढाच अर्ज करणार होते. परंतु गेल्या सोमवारी कॅन्टीनमधील एक बाई संडासात आली, दार लावले आणि पदर बाजूला करून मला तोंड दाखवले. हिरड्या जांभळ्या, सुजलेल्या. वास असा की मी मागे सरले. रुग्णालयात चल म्हटले, तर ती म्हणाली, "कळलं तर माझ्या पण हातात झाडू देतील."

तरी माझी बदली रद्द न झाल्यास माझी तक्रार नाही. कॅन्टीनमधील सर्व अकरा जणींच्या हिरड्या दर सहा महिन्यांनी तपासाव्यात, व रक्त येते असे सांगणाऱ्या बाईस उपचारापुरते दुसरे काम देऊन नंतर तिच्या जागी परत घेतले जाईल, असे लेखी द्यावे. ते हाती येईपर्यंत त्या बाईचे नाव मी सांगणार नाही. आज दुपारचे जेवण तिनेच केले आहे.

आपल्या कारखान्यातील नम्र कामगार,
(सही) जानकी गुणाजी परब
दि. १५ ऑक्टोबर १९८६

सोबत : दंत रुग्णालयाचा दाखला.