नव्वद शब्दांची चौकट

११ मार्च

ओळखीची खूण काय, असं हवालदाराने विचारलं. मी म्हटलं, डाव्या हाताच्या अंगठ्याचं टोक नाही. बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायच्या यंत्राखाली गेलं, त्याला चाळीस वर्षं झाली. त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, ‘घरात काही भांडण?’ नाही म्हटलं. ‘मग एकाहत्तर वर्षांचा माणूस उगाच कशाला जाईल?’ आता याला काय सांगायचं! दादा उगाचच जातो. दोन वर्षं झाली, त्याला घर आपलं वाटतच नाही. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतो, ‘चला, उशीर झाला, घरी जाऊ.’

रविवारी ही अंघोळीला गेली, मी ऑफिसात. तेवढ्यात दादाने कडी काढली आणि निघाला. चष्मा टेबलावर, चपला दाराशी. आज तिसरा दिवस. दवाखाने झाले, स्टँड झालं, नदीकडचा रस्ताही झाला. 

उद्या आमच्याच पेपरात फोटोसकट निवेदन. संपादकांनी फुकट जागा दिली. मान हलवून ‘हूं’ म्हणाले. या माणसाच्या ‘हूं’चे दहा अर्थ आहेत, आजचा त्यातला बरा होता.

१२ मार्च

रात्री सात तास झोपलो. एकदाही उठलो नाही. लिहितानाही लाज वाटते.

१३ मार्च

निवेदन काल पाचव्या पानावर आलं. शहर आवृत्तीतच. बाहेरगावच्या आवृत्तीत त्या जागी बियाण्यांची जाहिरात होती. भांडून उपयोग नाही. दिवसभर फोन वाजला की धावतो. तीन आले. एकाला दादा देवमाणूस वाटला म्हणे, कुठे पाहिला ते सांगेना. दुसऱ्याने बक्षीस किती ते विचारलं. तिसरा चुकून लागला होता.

काम थांबत नाही. ‘नवलाई’ची चौकट रोज भरायचीच. नव्वद शब्द. बावीस वर्षं हेच करतोय. जगात कुठे काही विचित्र घडलं की ते कापून-तासून चौकटीत बसवायचं. ऑफिसात मला ‘कात्री’ म्हणतात ते उगाच नाही. आज एक बरी मिळाली होती — एका बाईने पोलिसांत तक्रार केली, नवऱ्याच्या घोरण्याने झोप लागत नाही. चौकशी केली तर नवरा चार वर्षांपूर्वीच वारलेला. घोरत होता शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप! पंप बंद करून दिला तर बाई पुन्हा आली, आता मुळीच झोप लागत नाही म्हणाली. ही उद्यासाठी ठेवली.

आजच्या चौकटीत बाहेरगावच्या वार्ताहराची बातमी टाकली. कोणी म्हातारा परक्याच्या घरात शिरून दिवाणखान्यात बसला, चहा मागितला, कपाटातली पुस्तकं काढून मालकाला झापलं. मथळा दिला — ‘चोर नव्हे, पाहुणा!’ बातमी लांब होती, शेपूट उडवलं. पहिल्या नोकरीत गुरुजींनी शिकवलंय — बातमीचा जीव डोक्यात, शेपूट कापलं तर रक्त येत नाही.

१५ मार्च

सुट्टी. दादाच्या खोलीत बसलो. पुस्तकांचं कपाट उघडलं. निम्मी त्याच्या हातची बांधणी. तीस-तीस वर्षांची, पण एकाचीही शिलाई सैल नाही.

दादाचं वाचन फार विचित्र. बाइंडिंगच्या टेबलावर सोळा-सोळा पानांचे फर्मे यायचे, हात चालता चालता जे पान डोळ्यांसमोर येईल ते तो वाचायचा. त्यामुळे शेकडो कादंबऱ्यांचा मधला तुकडा त्याला पाठ, सुरुवात-शेवट माहीत नाही. मी कॉलेजात होतो तेव्हा संध्याकाळी विचारायचा — ‘छोट्या, ती दिवाणजीची मुलगी शेवटी कोणाशी लग्न करते रे?’ मी सांगायचो. ऐकून म्हणायचा, ‘हॅट्! माझ्या सोळा पानांत तर भली वाटत होती.’

वडील गेले तेव्हा दादा चौदाचा, मी चारचा. त्याने शाळा सोडली आणि कारखान्यात खळीच्या बादलीपाशी उभा राहिला. मी शिकलो. मी पेपरात लागलो तेव्हा कारखानाभर पेढे वाटत फिरला — ‘माझा भाऊ पेपरात आहे!’ त्याने लग्न केलं नाही. का नाही ते मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते ऐकायची माझी छाती नव्हती.

आज लिहूनच टाकतो — मला दादा हवा आहे. पण दोन वर्षांपूर्वीचा.

१६ मार्च

लेकीचा फोन. रडत होती. ‘बाबा, काकांना उन्हात पाय भाजत असतील हो.’ तिकडे बसून तिला पाय आठवले. आम्हाला इथे चपला रोज दिसतात, तरी सुचलं नाही. इथल्या हालांची तिला कल्पना नाही, किंवा आहे, देव जाणे. ती आली की दादा दोन दिवस शहाण्यासारखा वागायचा. ती निघून गेली की पुन्हा तेच.

तेच म्हणजे काय, हे कुठेतरी लिहायला हवं. रात्री तीन-तीनदा उठून दार बडवायचा. कपाटाच्या खालच्या फळीवर लघवी केली, तीही त्याच्याच हातांनी बांधलेल्या पुस्तकांवर. मग ती ओली पुस्तकं बघून स्वतःच लहान मुलासारखा रडला. दिवाळखोर कारखान्याच्या मालकाला द्यायच्या त्या शिव्या हिला दिल्या. जानेवारीत हिच्या कानाखाली मारली.  हिने भाताचा कुकर लावला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी मागून गेलो तर म्हणाली, ‘तुमचे भाऊ आहेत, माझेही भाऊजी आहेत. पण मी माणूस आहे हो.’

 सकाळी दहाला ऑफिसला जायचं आणि रात्री नऊला यायचं, एवढंच मी केलं. सगळं निस्तरायला ही.

आता घर शांत आहे. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येतो. घड्याळाला आवाज आहे हे मी विसरलोच होतो.

१७ मार्च

फोन नाही. चौकट : एका गावच्या घंटाघरात मधमाश्यांनी पोळं केलं, तास वाजेना, लोक खुशाल उशिरा कामावर. हसू आलं नाही.

२० मार्च

दुपारी बाहेरगावचा वार्ताहर ऑफिसात आला. महिन्यातून एकदा येतो. चहा घेताना टेबलावर पडलेला जुना अंक चाळत होता — शहर आवृत्ती. पाचवं पान उलटलं आणि कप खाली ठेवला. ‘साहेब, हे कोण तुमचे?’ म्हटलं, भाऊ. थोरला. तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘अहो, यांची बातमी तर मीच पाठवली होती! परक्याच्या घरात शिरले ते हेच की! तुम्हीच छापलीत. शेवटी अंगठ्याचं लिहिलं होतं, निवारा केंद्राचं लिहिलं होतं…’

 मूळ मजकूर काढला. आहे. शेवटचं वाक्य आहे : ‘सदर इसमाच्या डाव्या अंगठ्याचे टोक तुटलेले असून त्यास स्वतःचे नाव सांगता येत नसल्याने निवारा केंद्रात ठेवण्यात आले आहे.’ वय मात्र साठ लिहिलं होतं! आणि पुस्तकांवरून बोलतो म्हणून ‘बहुधा निवृत्त प्राध्यापक’! दादा प्राध्यापक! चार तासांच्या अंतरावरचं गाव. बसमध्ये बसून गेला असणार, कोणी तिकीटही विचारलं नसेल.

मी शेवटपर्यंत वाचलंच नाही. बावीस वर्षांची सवय. हात आपोआप चालतो.

केंद्रात फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, ‘कोण, पुस्तकवाले आजोबा? तुम्ही या इकडे.’ पुढे काही सांगेना. पहाटेची पहिली बस आहे.

२१ मार्च

दादा १८ तारखेला गेला. न्युमोनिया. आम्ही पोचलो तेव्हा तो सरकारी दवाखान्याच्या शवागारात होता. पायाला चिठ्ठी — ‘अनोळखी, पुरुष’. मी डाव्या हाताचा अंगठा पाहिला. तळपायांवर फोड होते, ते लेकीला सांगायचं नाही असं हिने बजावलं.

सगळं तिथेच उरकलं. ही, मी आणि वार्ताहर. बिचारा सारखा म्हणत होता, ‘मी अंगठा वर लिहायला हवा होता, साहेब, वर लिहायला हवा होता.’ मी त्याला नाही म्हणालो नाही.

केंद्रातली बाई कामाने दमलेली, पण बोलायला सरळ. एका मोठ्या खोलीत चाळीस खाटा. दादाची खिडकीखालची. तिने सांगितलं, आजोबा कोणाला त्रास देत नव्हते. जुने पेपर गोळा करायचे, घडी घालून सुई-दोऱ्याने शिवायचे. शिलाई बघा किती सुबक, असं म्हणून तिने एक गठ्ठा दिला. विचारलं की एकच सांगायचे — ‘माझा भाऊ पेपरात आहे. त्याला सगळं आधी कळतं. तो येईल.’ बाई म्हणाली, ‘आम्हाला वाटलं, म्हातारं माणूस, बरळतंय. तो कोणत्या पेपरात ते काही त्यांना सांगता यायचं नाही.’

बसमध्ये गठ्ठा मांडीवर होता. ही खिडकीतून बाहेर बघत होती. 

२३ मार्च

ऑफिस. सगळे हळू आवाजात बोलत होते. संपादक टेबलापाशी आले, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘तुझी चूक नाही. जागाच तेवढी असते. आपण सगळे खालूनच कापतो.’ ‘हूं’ सोडून इतकं बोललेले मी त्यांना प्रथमच ऐकलं. चौकट कोणा दुसऱ्याला देऊ का, असं विचारलं. मी नको म्हटलं.

मग ती भरायला बसलो. साडेतीन तास लागले.

२४ मार्च

जेवताना ही एकदम म्हणाली, ‘ती बातमी मी त्याच दिवशी वाचली होती.’

मला आधी कळेना. मग कळलं. घरात माझी चौकट रोज वाचणारी ही एकटीच.

‘पुस्तकं काढून झापलं, हे वाचल्यावर मला भाऊजीच दिसले. दुसरं कोण असं करणार?’

‘आणि तू गप्प बसलीस?’

‘हो.’

मी ताट सरकवलं. उभा राहून ओरडलो. काय काय बोललो ते लिहवत नाही. खुनी म्हणालो. लेक फोनवर असती तर तिलाही सांगितलं असतं, इतका पेटलो होतो. हिने रडायला हवं होतं, भांडायला हवं होतं. तिने काहीच केलं नाही. सांडलेलं वरण पुसता पुसता म्हणाली, ‘तुम्हीच लिहिलेली होती ना. मला वाटलं, तुम्हालाही कळलं असणार. तुम्ही रात्री आलात, जेवलात, काही बोलला नाहीत. मग मीही नाही बोलले.’

एवढं बोलून माझ्याकडे बघत बसली. मी खोलीत आलो आणि दार लावून घेतलं.

२५ मार्च

अंगठ्याचं वाक्य मी वाचलं होतं. कापण्याआधी, दोनदा. जागाही कमी नव्हती — चौकटीत दोन ओळी उरल्या, तिथे मी वेलबुट्टी टाकली. आठवडाभर झोपू, मग आणू, असं ठरवलं होतं.