नानांचा कोट आणि माझी जिम

ती. लीलाताईस,

धाकट्या गजाननाचा, गुडघ्यांची परवानगी घेऊन, वाकून नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, जीजाजींचा खोकला गेला असेल आणि देपालपुरात अजून डिंकाचे लाडू सुरू झाले नसतील अशी आशा करतो. (झाले असतील तर कळवू नकोस, सहन होणार नाही.) फोन करायचा सोडून हा कागद का खरडतोय म्हणशील. ताई, फोनवर आता माझा काडीचा विश्वास राहिलेला नाही. राहतो माझ्या खिशात, वीज खातो माझ्या घरची, आणि चुगल्या करतो बंगलोरला, स्पृहाकडे.

पोरीचं लग्न मार्गशीर्षात, हे तुला ठाऊकच आहे. तिने एकच हट्ट धरलाय. बँड नको, घोडी नको, पण बाबांनी नानांचा काळा बंद गळ्याचा कोट घालून मांडवात उभं राहायचं. तुझ्या लग्नात नाना तोच घालून उभे होते, माझ्या लग्नात मी तोच घातला. आता लेक एवढंच मागते तर बाप नाही कसा म्हणेल? गुढीपाडव्याला मोठ्या थाटात कोट चढवला. बाह्या गेल्या, पाठ गेली, पण बटणाची आणि काजाची गाठ काही पडेना. मी श्वास रोखला, सुहासिनीने दोन्हीकडून ओढलं आणि बटण जे उडालं ते थेट देवघरात, गणपतीच्या पुढ्यात. हसू नकोस. खरं सांगतो, मला रडू आलं होतं. त्यानंतर मी तो कोट अंगाला लावलेला नाही.

मग स्पृहाने माझ्या मोबाइलात वजन उतरवायचं एक ॲप घातलं. खाल्लं की फोटो काढायचा, चाललं की ते मोजणार, आणि सगळी खबर तिकडे तिला. पहिल्याच दिवशी मी चौकातल्या पोह्यांचा फोटो काढला. वर सेव, जीरावनचा मसाला, अनारदाणे, बाजूला गरम जलेबी. ॲपने बराच विचार केला आणि सांगितलं की हे फळांचं सॅलड दिसतंय, शाबास. एवढ्या शिकलेल्याला मी कशाला दुरुस्त करू?

आता रोज सकाळी मी पोह्यांना स्कूटरवरून जातो, हे तू जाणतेस. (पायी पोचेपर्यंत जलेबीचा पहिला घाणा संपतो.) आमच्या छत्रीबागेची गल्ली पाइपासाठी खणून ठेवलेली, स्कूटर अशी उडायची की ॲपला वाटलं, मी पळतोय. वर एक दिवस त्याने विचारलं, तुम्ही रोज सकाळी एकाच जागी बराच वेळ असता, ही तुमची जिम आहे का? एका हातात प्लेट, दुसऱ्या हाताला पाक, अंगठा नेमका ‘हो’वर पडला. बस! तेव्हापासून स्पृहाला रोज निरोप, बाबा धावत जिमला पोचले. पोरगी ऑफिसात सगळ्यांना दाखवायची आणि फोनवर म्हणायची, बाबा, मला तुमचा केवढा अभिमान वाटतो. खरं सांगायला माझी जीभच रेटेना.

आषाढात ती न सांगता आली. सकाळी बूट चढवले आणि म्हणाली, चला, तुमची जिम दाखवा. मी तिला पलासियाच्या बाजाराकडे वळवायला लागलो (तिथल्या गर्दीत एखादी जिम सापडतेच), पण तिने मोबाइलमध्ये नकाशा उघडला आणि मला थेट पोहेवाल्यासमोर नेऊन उभं केलं. तो भला माणूस लांबूनच ओरडला, “आओ भिया, आज लेट हो गए! जलेबी ज्यादा कर दूँ?” ताई, तोंड लपवायला जागा नाही. ती माझ्याकडे बघतेय, मी कढईकडे. आणि मग पोरगी जी हसत सुटली, ती बाकावर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. स्वतः पोहे मागवले, वर जलेबीसुद्धा हाणली. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! परत जाताना बया स्कूटरची किल्ली पर्समध्ये घालून घेऊन गेली. पोहे खा म्हणाली, जलेबी अर्धी, पण जायचं-यायचं पायी. तेव्हापासून ऊन नाही, पाऊस नाही, नुसती पायपीट. आणि त्या ॲपचा उद्धटपणा बघ, आता रोज सांगतं की तुमचा वेग फार घसरलाय, धीर सोडू नका! वजनकाट्यावर मी उभा राहतच नाही, उगाच मन खट्टू कशाला करायचं? बाकी मजेत आहे. झोप झकास लागते, जिना चढताना धाप लागत नाही, फक्त पायजमा सारखा घसरतो. (नाड्या हल्ली फार खराब यायला लागल्यात.)

जीजाजींना नमस्कार.

तुझा,
गजानन

ता. क. – शेजारचे श्रीहरीजी मंडीच्या कामाला तुमच्याकडे येतायत, त्यांच्या हाती पुडकं पाठवतोय. त्यात नानांचा कोट आहे. तुझ्यासारखा शिवणाचा हात साऱ्या खानदानात नाही, तेवढा दोन बोटं सैल करून दे ना. सुहासिनीला आणि स्पृहाला पत्ता लागू देऊ नकोस. मला त्याच कोटात पोरीसमोर उभं राहायचंय गं, बाकी काही नको.

पुन्हा ता. क. – लाडू झालेच असतील तर श्रीहरीजी परत रिकाम्या हाताने येऊ नयेत.

वन्सं, नमस्कार. ह्यांना पुडक्याची गाठ मारता येत नाही, म्हणून ते शेवटी माझ्याकडेच आलं आणि पत्र वाचलं. कोट मुळीच उसवू नका. काल दुपारी हे घोरत होते तेव्हा मी टेप लावून ह्यांच्या पोटाचं माप घेतलं आणि कोटाशी ताडून पाहिलं. कोट बसतो, बटण लागतं, वर आख्खी जलेबी मावेल एवढी जागा उरते. देवघरातलं बटण मी शिवून टाकलंय. ह्यांना आत्ता कळलं तर आजच किल्ली परत मागतील. तेव्हा कोट तस्साच परत पाठवा आणि चांगला सैल केलाय म्हणून सांगा. खरं काय ते मी मांडवात सांगेन, बटण लावून देताना.

– सुहासिनी