उचललेला हात

ठमीच्या आईस,

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. तुझी पाठ दुखायची थांबली का?

कारखान्यात मी रागाच्या भरात हातोडा भिरकावला, म्हणून मालकांनी मला समुपदेशक बाईंकडे धाडलं. त्या म्हणतात, राग चढायला लागला की हत्यार खाली ठेवा, हात धुवा आणि राग येण्याआधी मनात काय आलं ते वहीत लिहा. दिवसातून आठ-आठदा हात धुतो. बाकीचे सुतार मला डॉक्टर म्हणतात. वहीत दर वेळी एकच निघतं: आपण कुणाच्या खिजगणतीत नाही, ही भीती.

काल फळीवरचा पॉलिशचा डबा घ्यायला हात वर केला, तर शेजारचे म्हातारे पॉलिशवाले डोकं झाकून खालीच बसले. त्यांना मी कधी बोटही लावलेलं नाही.

आपली ठमी अशीच बसायची. मी भिंतीवरचं घड्याळ काढायला हात उचलला तरी. मी हसायचो, भित्री म्हणायचो.

मला सुधारायचंय गं, पण जमेल का, ठाऊक नाही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. ती अजून दचकते का, एवढंच खरं सांग. आणि मी नसताना तिचं दचकणं थांबलं असेल, तर मला ये म्हणू नकोस.

तुमचाच,
ठमीचा बाबा