मोजलेले चेंडू

३ मार्च, शनिवार

अडुसष्ट! आज भिंगरीने अडुसष्ट चेंडू टाकले. काउंटर माझ्या हातात असतो. अंगठ्याने दाबायचं — टक्! — की आकडा पुढे. हे काम कोचबाईंनी मला दिलं तेव्हा बहुधा त्यांना माझी दयाच आली असेल. "मास्तर, नाहीतरी रोज मैदानाच्या कठड्यावर बसता, मग मोजा तरी," म्हणाल्या. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली. मला मास्तर म्हणणारं हे एकच माणूस उरलंय.

भिंगरी तेरा वर्षांची, शाळेच्या बेसबॉल संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. खरं नाव वेगळं, पण चेंडू टाकताना गर्रकन फिरते म्हणून भिंगरी. कोचबाईंचा नियम कडक — सामन्यात पंचाहत्तरच्या वर चेंडू नाहीत, आणि साठ ओलांडले की पुढचे चार दिवस हाताला पूर्ण विश्रांती. दुखलं तर लपवायचं नाही. हे त्या रोज सांगतात आणि मुली रोज एकमेकींकडे बघून हसतात.

मी आकडे मोजतो खरा, पण ऐकतो वृत्त. या पोरीचं टाकणं चक्क मंदाक्रांतेत आहे! चार गुरु — पाय सावकाश वर, तोल, श्वास, थांबली. मग पाच लघु — सर्रकन हात सुटला. मग झोकात उतरणं. चौतीस वर्षं वर्गात वृत्तं शिकवली, पण एवढी स्वच्छ यती, ओळीतला थांबा, एकाही पोराच्या जिभेवर पडली नाही.

काउंटर खिशात तसाच घरी आला. संध्याकाळी टक् टक् करत बसलो. खोलीत तेवढाच आवाज.

४ मार्च, रविवार

रविवारी माणसाने करायचं काय? खालचा कुलूपवालाही दुकान बंद ठेवतो, कानस वाजत नाही. बस धरली आणि शेवटच्या थांब्यावर उतरलो. तिथे क्लबचं मैदान आहे. कोणाचा का असेना, खेळ बघू म्हटलं.

पिचरच्या उंचवट्यावर भिंगरी! निळी टोपी, वेगळा संघ. काल अडुसष्ट टाकले आणि आज परत उभी.

बोटांच्या पेरांवर मोजले. एकाहत्तर. इथेही मोजणारा आहे — क्लबचा कोच, गळ्यात शिट्टी, हातात कागद. तोही पंचाहत्तरच्या आत ठेवतो. दोन्हीकडे नियम अगदी काटेकोर. बेरीज मात्र कोणीच करत नाही!

सामना संपल्यावर ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, बाईंना सांगू नका हं. पंचवीस तारखेपर्यंतच." पंचवीसला क्लबचा अंतिम सामना आहे. खेळाडूंच्या निवासी शाळेची माणसं निवड करायला येणार. निवड झाली की राहणं, शिकणं सगळं तिकडे. आई दिवसभर इस्त्रीच्या दुकानात उभी असते, तिचे पाय सुजतात, हेही तिने सांगितलं. दुखतं का विचारलं तर म्हणाली, छे!

मी म्हणालो, बघू. हा शब्द मी आयुष्यात फार वापरला.

८ मार्च, गुरुवार

आज दिवसभरात बोललेले शब्द — तीन. "अर्धा लिटर द्या."

१० मार्च, शनिवार

चौसष्ट.

सामन्यानंतर भिंगरी अर्धा तास माझ्याबरोबर कठड्यावर होती. अर्धा तास! तिला मंदाक्रांता शिकवली. उदाहरणासाठी जागच्या जागी ओळ रचली — "जा चेंडू जा, सरसर पुढे, बॅट राहो हवेत." मांडीवर ताल धरून तिने चार वेळा म्हटली आणि पाचव्यांदा हसून लोळली. तिचं म्हणणं, तुमची कविता समोरच्या संघाने ऐकली तर तुम्हालाच आधी बाद करतील. किती दिवसांनी मी मोठ्याने हसलो! खोकलाच आला.

मग तिने एकदम विचारलं, तुमचा मुलगा पण पिचर होता ना, बाई सांगत होत्या.

होता. कोच मीच होतो — वर्गात भाषेचा मास्तर, मैदानावर हौशी कोच. चौदाव्या वर्षी, अंतिम सामन्यात, शेवटच्या डावात त्याच्या कोपरातलं लिगामेंट तुटलं. उजवा हात अजून पुरता सरळ होत नाही. चहाचा कप तो डाव्या हाताने उचलतो.

"किती टाकले होते त्या दिवशी?"

"त्या काळी कोण मोजायचं गं?"

एकतीस वर्षं हेच उत्तर देत आलोय. डॉक्टरांना दिलं. हिला, माझ्या बायकोला, दिलं — ही त्यावर काही बोलली नाही, जाईपर्यंत नाही. चिरंजीवांनी कधी विचारलंच नाही. दर एक तारखेला त्यांचा फोन येतो. बरे आहात ना, औषधं आहेत ना. दोन मिनिटं.

११ मार्च, रविवार

बसथांब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. जे पाहिलं नाही ते मोजावं लागत नाही.

१७ मार्च, शनिवार

आज तिने पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलली.

उजव्या हाताची मुलगी. दोन डावांमध्ये बाकावर येऊन बसली, बाटली डावीकडे नव्हती तरी वाकून डाव्या हातानेच घेतली. माझ्या डोळ्यांपुढे दुसराच कप आला.

मग कान देऊन ऐकलं. एक्केचाळिसाव्या चेंडूला यती घसरली. चार गुरूंचे तीन झाले — ती थांबलीच नाही, हाताने घाई केली. दमलेलं पोर पाठांतर म्हणताना असंच करतं, एकदाचं संपावं म्हणून. काउंटरवर एक्केचाळीस. नियमाने अजून चौतीस शिल्लक! कोपराला काय कळतो नियम.

दुखतं का विचारलं. "छे!" फार पटकन म्हणाली.

बाईंना सांगितलं तर ती माझ्याजवळ कठड्यावर बसणार नाही. लिहायला लाज वाटते, पण पहिला विचार हाच आला. कोपराचा दुसरा.

१८ मार्च, रविवार

कोचबाईंच्या घराचे तीन जिने चढलो. दारातच सगळं सांगून टाकलं — क्लब, निळी टोपी, बेरीज, बाटली.

बाईंनी विचारलं, "किती दिवसांपासून माहीत होतं?"

दोन आठवडे, म्हणालो.

त्यांनी आत जाऊन क्लबच्या कोचला फोन लावला. खेळ थांबवा, तिला आत्ता उतरवा — एवढंच ऐकू आलं. परत आल्या तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही. काउंटर मागत होत्या.

मास्तर म्हणाल्या नाहीत.

२१ मार्च, बुधवार

शाळेच्या कुंपणापाशी बाई भेटल्या. भेटल्या म्हणजे मी उभा होतो आणि त्यांना तिथूनच जावं लागतं. डॉक्टरांनी फोटो काढले. सूज आहे, लिगामेंट फाटलेलं नाही. दोन महिने एकही चेंडू नाही. तोवर खांद्याचे, पाठीचे, पायांचे व्यायाम — हातावर येणारा भार बाकीच्या अंगाने उचलायला शिकायचं. मग दहा चेंडू, मग पंधरा, असं सावकाश. नवीन एकच वही केलीय, शाळा-क्लब दोघांची मिळून. घराच्या भिंतीवर टाकलेले चेंडूसुद्धा त्यात लिहायचे.

आणखी पंधरा दिवस असंच चाललं असतं तर काय, असं बाईंनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टरांनी कागद मधोमध फाडून दाखवला म्हणे.

पंचवीसचा सामना अर्थात गेला. निवडही.

२४ मार्च, शनिवार

कठड्यावर बसलो होतो. हातात काही नाही. अंगठा मात्र प्रत्येक चेंडूला हलत होता.

भिंगरी आली. कोपराला पट्टा. बसली नाही. रडेल, चिडेल असं वाटलं होतं, पण शांत होती.

"तुमच्या मुलाचे मोजले नाहीत," म्हणाली, "आणि माझेच बरे मोजलेत."

गेली. 

२५ मार्च, रविवार

सकाळी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. एकतीस वर्षांत त्या सामन्याची वही उघडली नव्हती. हिने तिला खाकी कागदाचं कव्हर घातलंय, कडा दुमडून, शाळेच्या पुस्तकासारखं. म्हणजे हिने पाहिली असणार.

अक्षर माझंच. धावा, डाव, खेळाडूंची नावं. आणि समासात पेन्सिलीच्या रेघा. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. प्रत्येक चेंडूला एक रेघ!

दोनदा मोजल्या. एकशे अठरा.

सहाव्या डावापर्यंत. सातव्या डावासमोरचा समास कोरा. सातवा डाव झाला होता, त्यानेच टाकला होता, शेवटपर्यंत — तेव्हाच तर हात गेला. चेंडू थांबले नव्हते. रेघा थांबल्या होत्या.

खिडकीत बसून राहिलो. खाली बस आली, गेली. पुढची आली.

मोजलं होतं.

२६ मार्च, सोमवार

एक तारखेची वाट पाहिली नाही. मीच फोन लावला. सांगितलं — त्या दिवशी मी मोजत होतो. सहाव्या डावापर्यंत.

 मुलगा म्हणाला, "माहीत आहे, बाबा. सातव्याला उभा राहिलो तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही पेन्सिल खाली ठेवत होतात."