पाणी कुठे मुरतं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (अगदी वाकून नाही. कंबर धरली आहे. कशी, ते पुढे येईल.) तुझी तब्येत बरी ना? भावजींचा गुडघा त्यांना जिना चढू देतो की अजून आडमुठेपणा करतो? त्यांना म्हणावं, गरम शेक घ्या आणि शेजाऱ्यांची औषधं घेऊ नका. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत.

मी प्रादेशिक परिषदेवर निवडून आलो, हे तुला कुणाकडून तरी कळलंच असेल. कसा आलो, हे मलाही नीट उमगलेलं नाही. उमेदवार तिघे होते. बाकीचे दोघे एकमेकांबद्दल इतकं खरं बोलले, की लोकांनी वैतागून घड्याळजीला मत दिलं. मला मिळाली वित्त, नियोजन आणि पर्यावरण व्यवस्थापन समिती. ही तिन्ही एकाच ताटात का वाढली, असं मी विचारलं, तर अध्यक्ष म्हणाले, "बैठकीच्या खोल्या कमी आहेत." (हे अध्यक्ष म्हणजे पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. ते बसतातसुद्धा घडी मोडणार नाही अशा बेताने.) मला ते उत्तर पटेना. तुला माझी खोड माहीत आहे; बंद वस्तू दिसली की मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय माझा हात शांत बसत नाही. म्हणून आठवडाभर दुपारी दुकान बंद ठेवून मी तिन्ही खात्यांत जाऊन बसलो.

लेखाधिकारी फार मऊ बोलतात, जणू आकड्यांची झोप मोडेल. त्यांनी अंदाजपत्रक दाखवलं. त्यात दर वर्षी एक ओळ: तळघरातल्या दप्तरखान्याची भिंत रंगवणे. अशी एकोणीस वर्षं! का, तर पोपडे येतात. पोपडे का येतात, तर "ते आमच्या खात्यात येत नाही." तिथून मी नियोजनाकडे चढलो. नियोजन अधिकाऱ्यांनी पलंगपोसाएवढा नकाशा पसरला. परिषदेच्या इमारतीमागे दोन एकर 'रिकामी जागा', तिच्यावर दोनशे गाड्यांचा वाहनतळ, आणि ठराव लगेच पुढच्या गुरुवारी मांडायचा होता. (वाहनतळाभोवतीची झाडं त्यांनी स्वतः रंगीत पेन्सिलीने काढली आहेत. सुरेख आहेत. खरी झाडं तोडायची आहेत.) मी विचारलं, एवढी मोक्याची जागा इतकी वर्षं रिकामी राहिलीच कशी? ते म्हणाले, "आता भरतोय ना!"

पर्यावरण खातं बोळाच्या टोकाला, झाडू ठेवायच्या खोलीत आहे. खातं म्हणजे एक अधिकारी बाई आणि गमबुटांचे दोन जोड. त्या म्हणाल्या, "ती जागा रिकामी नाही, ओली आहे." वर्षातले आठ महिने तिथे पाणी उभं असतं, मग ते जमिनीत कुठेतरी जातं. कुठे, ते कुणी शोधलेलं नाही. वर काँक्रीट ओतलं तर ते पाणी जागा शोधत खालच्या गल्लीतल्या साठ घरांत शिरेल, अशी त्यांना भीती. (खालची गल्ली म्हणजे आमची.) मी म्हटलं, मग हे लिहून का देत नाही? तर तीनदा दिलं म्हणे. तिन्ही अहवाल दप्तरखान्यात ठेवले गेले आणि ओल लागून वाचण्यापलीकडे गेले.

सोमवारी आम्ही दोघं एकेक गमबुटांचा जोड चढवून त्या जागेत उतरलो. बाईंकडे हिरव्या रंगाच्या पुडीचा डबा होता. ही पूड अपाय करत नाही, आणि नळाचं पाणी वेगळ्याच बाजूने येतं, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. पूड पाण्यात टाकायची आणि हिरवं पाणी कुठे निघतं ते बघायचं, एवढंच. "दोन चमचे," असं म्हणून त्या फोन घ्यायला बाजूला गेल्या. ताई, दोन एकरांना दोन चमचे मला फारच चिक्कूपणाचे वाटले. मी तिसरा टाकला, चौथा टाकला, पाचव्याला पाय घसरला आणि मी, डबा, कंबर असे तिघेही पाण्यात.

मंगळवारी सकाळी परिषदेपुढचं कारंजं हिरवं. दुपारी दप्तरखान्याच्या कोपऱ्यातलं डबकं हिरवं. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवर ताटाएवढा हिरवा डाग. हिने आधी भिंत बघितली, मग माझे कोपरापर्यंत हिरवे हात बघितले. "दुसऱ्यांची घड्याळं उघडून पोट भरत नव्हतं का?" एवढंच म्हणाली. पण मला त्या डागाकडे बघून हसू येईना. पाणी आपल्या घराखाली आधीच येऊन बसलं होतं.

बुधवारी कळलं, की लाँड्रीवाल्याची विहीरही त्याच पाण्यावर आहे.

गुरुवारी अध्यक्ष पोपटी शर्टात आले. त्यांचे पांढरे शर्ट सातच्या सात त्याच लाँड्रीत होते. सभागृहात कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनाच एकदम खोकला झाला.

"हा उद्योग कुणाचा?" त्यांनी विचारलं.

मी कंबर धरून उभा राहिलो. "माझा. पण पाणी आधीपासूनच जात होतं, साहेब. मी फक्त ते दिसेल असं केलं."

बाईंनी त्या पलंगपोसाएवढ्या नकाशावर हिरव्या टाचण्या टोचल्या: कारंजं, दप्तरखाना, विहीर, आमची भिंत. टाचण्यांची चक्क एक वाकडी रेघ झाली. नियोजन अधिकारी त्या रेघेवर वाकले. मग त्यांनी खिशातून खोडरबर काढला आणि 'रिकामी' हा शब्द स्वतःच्या हाताने पुसला. (मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल फार बरं वाटलं.) लेखाधिकारी पुटपुटले, "म्हणजे एकोणीस वर्षं आपण पाण्याला रंग देत होतो." ठराव पुढे ढकलायचा की नाही, यावर मतं समसमान पडली. निकाल अध्यक्षांच्या मतावर आला. त्यांनी आपल्या पोपटी बाहीकडे पाहिलं, आणि हात वर केला. वाहनतळ थांबला आहे. आधी पाण्याचा नकाशा होणार, मग जागेचा.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. त्या ओल्या जागेत पूर्वी उघडा ओढा वाहत होता, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस हवं आहे. तू तिथे डब्याच्या झाकणाने खेकडे पकडायचीस आणि मी काठावर उभा राहून भोकाड पसरायचो. तुझी साक्ष लागेल. यायलाच हवं.

ता. क. २. पत्र चिकटवण्याआधी खरं सांगतो. मी बाईंना विचारलं. सही करून टपालाने पाठवलेली साक्षही चालते.

ता. क. ३. घर घेताना तू ओट्यामागच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली होतीस, "इथे पाणी आहे रे." आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "तुला काय कळतंय त्यातलं?" चार वर्षं झाली, तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. चूक माझी होती. साक्ष टपालाने पाठवू नकोस. तू ये.