प्राचीचे तीन कमिट

सोम. १० नोव्हें.
घरी रेंज नाही. दोन दिवसांचं कोडिंगचं काम कमिट करून लॅपटॉप घेऊन देवळाच्या चढावर. तिथे दोन काड्या मिळतात. सर्व्हरवर चढवायला गेले तर पुश नाकारला. आधी म्हणे सर्व्हरवरचं उतरवून घ्या. घेतलं. टीममधल्या प्राचीचे तीन कमिट आले आणि दोघींचं जुळवून मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट: त्याच फाइलीतल्या त्याच ओळी दोघींनी बदललेल्या. एकेक ओळ बघत बसायचं तर तास जाणार, सरांना पाचपर्यंत हवं होतं. मर्ज सोडला, फोर्स पुश मारला. गेलं. तिचं पुसून माझं बसलं. नेटवर्कमुळे घोळ, दुसरं काही नाही.

मंगळ. ११
हिंजवडी, ऑफिस. प्राचीला कालच नवा लॅपटॉप मिळाला, जुना पुसून टाकलेला. सर्व्हरवर तिचं काम नाही. सर सगळ्यांसमोर तिला: "पुश केलंस की नुसतं कमिट? कमिट तुझ्याच मशीनवर राहतं, हे अजून शिकवायचं का?"
"केलं होतं सर, शपथ."
सर्व्हरचा लॉग, कुणी काय चढवलं त्याची नोंद, कुणी बघितलाच नाही. मी पाण्याची बाटली उघडली, प्यायले.
महिनाअखेर आम्हा दोघींपैकी एकीलाच नोकरीत कायम करणार.

बुध. १२
सोमवारचं वाचलं. 'नेटवर्कमुळे' हे खोटं. खोडत नाही, राहू दे. कंटाळा केला मी.
तिचे तिन्ही कमिट माझ्या लॅपटॉपवर आहेत. फक्त इथेच. त्यांची वेगळी ब्रँच, स्वतंत्र प्रत, काढून ठेवली. पुश नाही केली. प्राची पहिल्यापासून लिहितेय, डबा तसाच परत नेला. लाज वाटते स्वतःची.

गुरु. १३
घरून काम. खळ्यावर भाताची झोडणी. आई: "तोंड पाडून का बसलीयास?" तिला कळेल तसं सांगितलं. मैत्रिणीचं लिहिलेलं माझ्याकडून पुसलं गेलं, प्रत माझ्यापाशी आहे.
"तुज्याकडं हाय न्हवं? मग दिऊन टाक की."
"माझी नोकरी जाईल."
आई पेंढी आपटत राहिली. मग म्हणाली, "तिची गेल्यावर तुला जेवान जाईल व्हय?"
उठून घरात गेले. लई चिडले होते तिच्यावर.

शुक्र. १४
सकाळीच चढावर. तिची ब्रँच मर्ज करायला घेतली. तोच कॉन्फ्लिक्ट. एकेक ओळ बघितली. बऱ्याच ठिकाणी तिचंच बरोबर. चाळीस मिनिटं लागली फक्त.
कमिटला एरवी नुसतं 'दुरुस्ती' लिहिते. आज: 'प्राचीचं काम परत. सोमवारी माझ्या फोर्स पुशनं गेलं होतं.' खाली माझं नाव आपोआप आलं.
पुश. गेलं.
एकच काडी आहे. फोन दोनदा वाजून तुटला. पुन्हा वाजतोय. सर नाहीत, प्राची आहे